तिसरी खुर्ची

सभेंत कोण काय बोलला याची चर्चा दुसऱ्या दिवशीं गांवभर होते. सभेंत कोणास बोलूंच दिलें नाहीं याची चर्चा मात्र क्वचितच होते. अमेरिकेंतील निवडणुकीच्या वादसभांचा इतिहास वाचतांना आम्हांस याची वारंवार आठवण झाली. केनेडी यांचा चेहरा टवटवीत होता आणि निक्सन यांस घाम फुटला होता, ही १९६० सालची हकीकत बहुतेकांच्या कानांवर असते. परंतु त्या रात्रीं व्यासपीठावर उमेदवारांसाठीं दोनच खुर्च्या कां होत्या, आणि त्या दोनच राहाव्यात म्हणून कायदा कसा बाजूस सारावा लागला, हें विचारणारे थोडे. आम्हांस या दुसऱ्या हकीकतीचें महत्त्व अधिक वाटतें. वादांत कोण जिंकला हें ठरविणारे लक्षावधि असतात. वादास कोणी बसावें हें ठरविणारे चार-दोनच असतात.

या प्रश्नाचा उगम शोधूं गेल्यास १८५८ सालच्या इलिनॉय राज्यापर्यंत मागें जावें लागतें. स्टीफन डग्लस हे त्या राज्याचे सेनेटर. अंगानें ठेंगणे, परंतु कीर्तीनें देशभर पसरलेले. त्यांचे प्रतिस्पर्धी अब्राहम लिंकन हे त्या मानानें अप्रसिद्ध वकील. डग्लस ज्या गांवीं व्याख्यान देत, त्याच गांवीं मागोमाग जाऊन लिंकन त्यांचें खंडन करीत. अखेर २४ जुलै रोजीं लिंकन यांनीं चिठ्ठी पाठवून एकाच व्यासपीठावर येण्याचें आव्हान दिलें, आणि डग्लस यांनीं त्याच दिवशीं उत्तर लिहिलें. त्यांतूनच पुढें २१ ऑगस्टपासून १५ ऑक्टोबरपर्यंत सात गांवीं त्या विख्यात सभा झाल्या. पहिल्या वक्त्यास एक तास, दुसऱ्यास दीड तास, पुन्हां पहिल्यास अर्धा तास. आणि लोक तीन तीन तास उभे राहून ऐकत!

इतकें बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. डग्लस यांच्या त्या उत्तरांतील एका परिच्छेदाकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. कॅन्ससच्या राज्यघटनेवरून डग्लस यांचें स्वपक्षाचेच अध्यक्ष ब्यूकॅनन यांच्याशीं फाटलें होतें, आणि त्या पक्षांतील मतें फोडण्यासाठीं तिसरा उमेदवार उभा राहणार अशी वदंता होती. डग्लस लिहितात, त्याचा आशय असा कीं, तुमच्याशीं हा करार केला तर तो तिसरा गृहस्थहि त्याच व्यासपीठावरून बोलण्याचा हक्क सांगेल, आणि मग आरंभाचें व शेवटचें भाषण तुम्ही दोघे संगनमतानें दर वेळीं बळकावाल. म्हणजे पहिल्या सभेचा मांडव उभारण्यापूर्वींच तिसऱ्या खुर्चीची धास्ती उत्पन्न झाली होती. आणि ती खुर्ची नको म्हणणारा गृहस्थ कोण, तर तिच्यामुळें ज्याची मतें जावयाचीं तोच! पुढील दीडशें वर्षांच्या इतिहासाचें बीज या एका पत्रांत आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पुढें नभोवाणी आली आणि हा प्रश्न सभाचालकांच्या हातून कायद्याच्या हातीं गेला. मैदानें पुष्कळ असतात, ध्वनिलहरी मोजक्या. म्हणून १९२७ सालच्या रेडिओ कायद्यांत, आणि त्यावरून १९३४ सालच्या दळणवळण कायद्याच्या ३१५ व्या कलमांत, अशी तरतूद झाली कीं, एखाद्या केंद्रानें एका उमेदवारास ध्वनिक्षेपणाची सवलत दिली तर त्याच पदाच्या दुसऱ्या प्रत्येक उमेदवारासहि तितकीच संधि द्यावी. नियम ऐकावयास किती निर्मळ! परंतु निर्मळ नियमाचा व्यवहार कसा होतो पाहा. शिकागो शहरांत लार डेली नांवाचा एक गृहस्थ अंकल सॅमचा पोषाख करून वारंवार निवडणुका लढवीत असे. १९५९ सालीं तो नगराध्यक्षपदास उभा असतां, विद्यमान नगराध्यक्ष अर्जेंटिनाच्या अध्यक्षांचें स्वागत करीत असल्याचीं दृश्यें टेलिव्हिजनच्या बातम्यांत झळकलीं. मलाहि तितकाच वेळ द्या, अशी डेलीची तक्रार. आणि सरकारी दळणवळण कमिशननें ती ग्राह्य धरली. मग काय विचारतां! बातम्या देणेंच अशक्य झालें असा ओरडा झाला, आणि त्याच वर्षीं काँग्रेसनें बातम्या, मुलाखती इत्यादि प्रकार या कलमांतून वगळले.

वादसभा मात्र त्या सवलतींत बसत नव्हत्या. म्हणून १९६० सालीं काँग्रेसनें अध्यक्ष व उपाध्यक्ष या पदांपुरतें ३१५ वें कलम त्या एका निवडणुकीसाठीं स्थगित केलें. केनेडी व निक्सन यांच्या चार सभा झाल्या. पहिली सुमारें ७ कोटि लोकांनीं पाहिली. निवडणूक संपली, कलम पुन्हां जागें झालें, आणि पुढील तीन निवडणुकांत एकहि सभा झाली नाहीं. १९६८ सालीं जॉर्ज वॉलेस हे तिसरे उमेदवार इतके प्रबळ होते कीं, पुढें त्यांस पांच राज्यें आणि शेंकडा १३ हून अधिक मतें मिळालीं. त्यांस बोलवावें तर एक पंचाईत, न बोलवावें तर दुसरी. आणि निक्सन यांस तर वादाची हौस उरलीच नव्हती. सर्वांस बोलवा असें कायद्यानें म्हटलें, तर चालकांनीं कोणासच बोलावलें नाहीं.

ही कोंडी १९७५ सालीं कमिशननें एका युक्तीनें फोडली. वादसभा ध्वनिक्षेपण केंद्रानें स्वतः न भरवितां दुसऱ्या कोणीं भरविली, आणि केंद्रानें ती घडत असतांना संपूर्ण दाखविली, तर ती केवळ एक बातमी समजावी, असा निर्णय झाला. तेव्हां १९२० सालीं स्थापन झालेला स्त्री-मतदारांचा संघ, म्हणजे लीग ऑफ विमेन व्होटर्स, यजमान म्हणून पुढें आला. २३ सप्टेंबर १९७६ रोजीं फिलाडेल्फियाच्या एका नाट्यगृहांत अध्यक्ष फोर्ड आणि जिमी कार्टर समोरासमोर उभे राहिले. शेवटीं शेवटीं ध्वनियंत्र बिघडलें, आणि सुमारें २७ मिनिटें ते दोघे आपापल्या मेजामागें कांहीं न बोलतां तसेच उभे होते. सेनेटर म्हणून नांवाजलेले यूजीन मॅकार्थी हे त्या वर्षीं स्वतंत्र उमेदवार होते. त्यांस निमंत्रण नव्हतें. ते न्यायालयांत गेले, तेथेंहि दाद लागली नाहीं. बोलूं इच्छिणारा बाहेर, आणि आंतले दोघे अर्धा तास मुके! विधात्याच्या विनोदबुद्धीस तोड नाहीं.

लीगच्या चालिकांस आपण टीकेस पात्र होत आहों याची जाणीव असावी, कारण १९८० सालीं त्यांनीं आपले नियम आधींच लिहून प्रसिद्ध केले. उमेदवार राज्यघटनेप्रमाणें पात्र असावा. बहुमतास पुरतील इतक्या राज्यांच्या मतपत्रिकांवर त्याचें नांव असावें. आणि लोकमताच्या चांचण्यांत त्यास शेंकडा १५ चा पाठिंबा असावा. हा पंधराचा आंकडा प्रथम येथें आढळतो. रिपब्लिकन पक्षांतून बाहेर पडलेले इलिनॉयचे प्रतिनिधि जॉन अँडरसन हे सप्टेंबरांत या कसोटीस उतरले, आणि लीगनें वचनाप्रमाणें त्यांस बोलावलें. तिघांचें निमंत्रण अध्यक्ष कार्टर यांनीं नाकारलें. अँडरसन यांच्यामुळें आपलीं मतें फुटतील ही भीति उघड होती. डग्लस यांचें पत्र जणूं पुन्हां लिहिलें गेलें. २१ सप्टेंबर रोजीं बाल्टिमोर येथें रीगन आणि अँडरसन हे दोघेच बोलले. अध्यक्षांसाठीं रिकामी खुर्ची ठेवावी असाहि एक विचार निघाला होता, पण ती ठेवली गेली नाहीं. पुढें चांचण्यांत अँडरसन यांचा आंकडा घसरला, त्यांचें निमंत्रण गेलें, आणि २८ ऑक्टोबर रोजीं क्लीव्हलंड येथें कार्टर आणि रीगन यांची गांठ पडली. त्या रात्रीं नुकत्याच सुरू झालेल्या एका वार्तावाहिनीनें अँडरसन यांस वॉशिंग्टनमध्यें बसवून, तेच प्रश्न त्यांस विचारून, त्यांचीं उत्तरें मधून मधून जोडण्याची धडपड केली. अँडरसन यांस शेवटीं शेंकडा ६.६ मतें पडलीं.

लीगच्या नियमांत दोष होते, परंतु ती एक गोष्ट अशी करून गेली कीं जी पुढें कोणी केली नाहीं. गादीवरील अध्यक्षाची नाराजी पतकरून तिनें लिहिलेला नियम पाळला. तिचें फळ तिला मिळालेंच. १९८७ सालीं दोन्ही मोठ्या पक्षांच्या अध्यक्षांनीं मिळून वादसभांचें एक स्वतंत्र मंडळ काढलें आणि स्वतःच त्याचे सहाध्यक्ष झाले. १९८८ सालच्या सप्टेंबरांत, दोन्ही उमेदवारांच्या माणसांनीं परस्पर केलेला सोळा पानांचा करार लीगच्या हातीं ठेवण्यांत आला. प्रश्न कोणीं विचारावे येथपासून सभागृहांत कोणीं बसावें येथपर्यंत सर्व कांहीं त्यांत होतें. ही मतदारांची फसवणूक आहे आणि आम्ही तींत सामील होणार नाहीं, असें जाहीर करून लीग बाहेर पडली, ती पुन्हां त्या व्यासपीठाकडे फिरकली नाहीं.

यापुढील दोन निवडणुका आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतात. १९९२ सालीं टेक्ससचे धनाढ्य व्यापारी रॉस पेरो उन्हाळ्यांत चांचण्यांमध्यें चक्क पुढें होते. जुलैंत त्यांनीं अंग काढून घेतलें, आणि १ ऑक्टोबरला पुन्हां मैदानांत आले. तेव्हां त्यांचा आंकडा शेंकडा १० च्याहि खालीं होता. पंधराचा नियम त्या वर्षीं असता तर ते बाहेरच राहिले असते. परंतु दोन्ही मोठ्या उमेदवारांस त्या वेळीं त्यांची उपस्थिति आपापल्या गणितानें सोयीची वाटली, आणि मंडळानें त्यांस बोलावलें. ११ ते १९ ऑक्टोबर या नऊ दिवसांत तीन सभा झाल्या. मतदानांत पेरो यांस शेंकडा १८.९ मतें पडलीं. एकहि राज्य हातीं लागलें नाहीं हें खरें. तथापि सुमारें १ कोटि ९७ लक्ष मतें कांहीं थोडींथोडकीं नव्हेत. चार वर्षांनीं तेच पेरो पुन्हां उभे राहिले. मागील मतांच्या जोरावर सरकारी तिजोरींतून प्रचारासाठीं कोट्यवधि डॉलर त्यांस मिळाले होते. तरीहि निवडून येण्याचा वास्तविक संभव नाहीं, या कारणास्तव मंडळानें त्यांस वगळलें. या खेपेस त्यांस शेंकडा ८.४ मतें पडलीं.

या घटीस वादबंदी हें एकच कारण होतें असें आम्ही म्हणत नाहीं. दुसऱ्या खेपेस नावीन्यहि ओसरलें होतें. पण तराजूकडे वाचकांनीं नीट पाहावें. तराजूनें वजन करावें, वजन वाढवूं किंवा घटवूं नये. येथें मात्र ज्यास आंत घेतलें त्याचें वजन वाढलें, आणि ज्यास बाहेर ठेवलें त्याचें घटलें. आणि त्या घटलेल्या वजनाकडे बोट दाखवून, पाहा, आम्ही म्हणत होतों तेंच खरें ठरलें, असें म्हणावयास मंडळ मोकळें. १९९६ सालच्या टीकेनंतर मोघमपणा टाळावा म्हणून मंडळानें २००० सालापासून लीगचाच जुना आंकडा उचलला. पांच राष्ट्रीय चांचण्यांची सरासरी शेंकडा १५ असेल तर आंत, नसेल तर बाहेर. हजारभर लोकांस विचारून केलेल्या चांचणींत शेंकडा ३ इतकी चूक इकडे-तिकडे संभवते. म्हणजे तेरा आणि सोळा यांत फरक आहे कीं नाहीं हें एक चांचणी सांगूं शकत नाहीं, आणि कांहीं चांचण्यांत तर तिसऱ्याचें नांवच विचारलें जात नाहीं! आपल्याकडे वैध मतांपैकीं एकषष्ठांश मतें न पडल्यास उमेदवाराची अनामत रक्कम जप्त होते. आंकडा जवळजवळ तोच. परंतु तो दंड मतदार बोलल्यानंतर होतो, त्याच्या आधीं नव्हे.

आमच्याच हातून घडलेली एक लहानशी गोष्ट येथें सांगावीशी वाटते. एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धेच्या वेळीं वक्ते एकोणीस आणि वेळ दोन तासांचा, अशी अडचण उभी राहिली. आम्ही मुख्य परीक्षक. पूर्वीं कोठें ना कोठें पारितोषिक मिळविलेल्यांसच घ्यावें, असा सुटसुटीत नियम आम्हीं तेथल्या तेथें काढला, आणि यादी नवांवर आणली. वगळलेल्या मुलांपैकीं एकानें जिन्यांत गांठून विनयानें विचारलें, "सर, बोलूं दिल्याशिवाय पहिलें पारितोषिक कोणासहि कसें मिळावें?" त्यास आम्हीं कांहींतरी उत्तर दिलें. तें उत्तर काय होतें हें आम्हांस आज आठवत नाहीं, प्रश्न आठवतो.

तथापि दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. अमेरिकेंत अध्यक्षपदासाठीं नांव नोंदविणाऱ्यांची संख्या शेंकड्यांनीं मोजावी लागते. त्या सर्वांस एका रात्रींत बसविणें म्हणजे सभा नव्हे, जत्रा होय. आर्कान्सा राज्याच्या सरकारी टेलिव्हिजननें १९९२ सालीं काँग्रेसच्या एका जागेसाठीं भरविलेल्या वादसभेंत राल्फ फोर्ब्स या अपक्ष उमेदवारास घेतलें नाहीं. तो तंटा सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि १९९८ सालीं सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल केंद्राच्या बाजूनें लागला. उमेदवाराचे विचार आवडत नाहींत म्हणून नव्हे, तर त्यास पाठिंबा नाहीं म्हणून वगळलें असेल, तर तें गैर नाहीं असें न्यायालयानें म्हटलें. सर्वांस बोलवा अशी सक्ति केली तर केंद्रें सभाच भरविणार नाहींत, ही भीतिहि निकालपत्रांत आहे. आणि ती पोकळ नव्हती. खालच्या न्यायालयाचा निकाल फोर्ब्सच्या बाजूनें लागतांच नेब्रास्काच्या सरकारी केंद्रानें सेनेटच्या जागेची ठरलेली सभा रद्दहि केली होती. १९३४ च्या कायद्याचा अनुभव पुन्हां आला. मात्र विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं एक वर्मीं बोट ठेवलें. त्या जागेवर विजयी व पराभूत यांत अंतर जेमतेम शेंकडा ३ होतें. स्वतः निवडून न येणारा उमेदवारहि कोण निवडून यावा हें ठरवूं शकतो. मग त्याचें म्हणणें ऐकणें मतदारास निरुपयोगी कसें?

या प्रश्नाचें उत्तर दोनच वर्षांनीं मिळालें. ३ ऑक्टोबर २००० रोजीं बोस्टन येथें पहिली सभा होती. ग्राहकांच्या हक्कांसाठीं झगडून नांव मिळविलेले राल्फ नेडर यांस व्यासपीठावर स्थान नव्हतेंच. परंतु शेजारच्या दालनांत बसून पडद्यावर सभा पाहण्याचें तिकीट त्यांच्यापाशीं होतें. त्या तिकिटावरहि त्यांस दारांतून परत पाठविण्यांत आलें. पुढें फ्लॉरिडांत बुश आणि गोर यांच्यांतील अंतर ५३७ मतांचें भरलें, आणि नेडर यांस तेथें पडलेलीं मतें होतीं ९७,४८८. नेडर यांचा कार्यक्रम चांगला कीं वाईट हा आमचा प्रश्न नव्हे. ज्या माणसाच्या मतांवर एका राष्ट्राचें अध्यक्षपद लोंबकळलें, त्यास त्याच्या दोन प्रतिस्पर्ध्यांनीं देशासमोर एकहि प्रश्न विचारला नव्हता, आणि त्यानेंहि त्यांस विचारला नव्हता.

मग दार किती उघडें ठेवावें? पहिली सभा सैल नियमानें आणि पुढच्या सभा कडक नियमानें घ्याव्या, असें आमचें मत आहे. बहुमतास पुरतील इतक्या राज्यांत ज्याचें नांव मतपत्रिकेवर आहे, त्यास पहिल्या रात्रीं बोलूं द्यावें. या एका चाळणीनेंच शेंकड्यांची यादी सात-आठांच्या आंत येते. इतक्यांचा वाद होऊं शकत नाहीं म्हणणाऱ्यांनीं ब्रिटनकडे पाहावें. २ एप्रिल २०१५ रोजीं तेथें सात पक्षनेते दोन तास एका रांगेंत उभे राहून बोलले, आणि राज्य बुडालें नाहीं. (उत्तर आयर्लंडचा एक पक्ष आम्हांस कां नाहीं म्हणून तक्रार करीत होता, ही गोष्ट वेगळी; अशी तक्रार कोणत्याहि नियमानें संपणार नाहीं.) लोकांनीं एकदां ऐकलें, मग चांचणी घ्या, आणि तिच्यावरून दुसऱ्या सभेची यादी करा. मिनेसोटा राज्यानें १९९८ सालीं साधारण असेंच केलें. जेसी व्हेंचुरा नांवाचा माजी कुस्तीगीर गव्हर्नरपदास उभा होता. सप्टेंबरांत त्याचा पाठिंबा शेंकडा १० च्या आसपास होता. मोठ्या पक्षांच्या दोन उमेदवारांबरोबर त्यासहि वादसभांत घेण्यांत आलें. नोव्हेंबरांत शेंकडा ३७ मतें मिळवून तो निवडून आला. तो चांगला गव्हर्नर होता कीं नाहीं यावर तिकडे मतभेद आहेत. पण त्यास निवडून येण्याचा वास्तविक संभव नव्हता, असें म्हणण्याची सोय कोणासहि उरली नाहीं.

नियम कोणताहि असो, तो लिहिणारा हात स्पर्धकांचा नसावा, ही अट तर त्याहून आधींची. परंतु घडलें उलटेंच. २०२४ सालीं दोन्ही मोठ्या उमेदवारांनीं, आपल्याच पक्षांनीं जन्मास घातलेल्या त्या मंडळासहि बाजूस सारलें आणि वृत्तवाहिन्यांशीं परस्पर बोलणीं केलीं. मंडळानें जाहीर केलेल्या तारखा कागदावरच राहिल्या. २७ जून रोजीं अटलांटा येथें, प्रेक्षक नसलेल्या दालनांत, बायडेन आणि ट्रम्प बोलले. रॉबर्ट केनेडी, कनिष्ठ, यांस पंधराच्या आणि मतपत्रिकांच्या नियमांवर बोट ठेवून वगळलें होतें. ज्या दोघांस निवडून येण्याचा वास्तविक संभव होता असें मानलें गेलें, त्यांपैकीं एकानें, त्या सभेंत झालेल्या फजितीनंतर, २१ जुलै रोजीं उमेदवारीच सोडली. केनेडीहि २३ ऑगस्टला बाजूस झाले. मग १० सप्टेंबर रोजीं ट्रम्प आणि कमला हॅरिस यांची सभा झाली, ती फिलाडेल्फियांत. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीं ज्या शहरांत दोघे उमेदवार २७ मिनिटें मुके उभे होते, तेंच हें शहर. आणि या खेपेसहि मेजें दोनच मांडलेलीं होतीं.